बर्फातल्या घसाऱ्यावर पाय रोवणारे स्नोशू: एमएसआर लाइटनिंग असेंट

सिएटलच्या आसपास राहत असाल, सह्याद्रीत पाय तयार झालेले असतील आणि हिवाळ्यात एखादा माथा गाठल्याशिवाय चैन पडत नसेल, तर एमएसआर या कंपनीचे लाइटनिंग असेंट स्नोशू डोळे मिटून घ्या. नदीकाठच्या सपाट पायवाटेवर मुलांना घेऊन तासभर फिरायचं असेल तर मात्र घेऊ नका. त्या कामाला निम्म्या किमतीची जोडीही पुरते. माझं मत एवढंच आहे. ते का झालं, हे सांगायला जरा वेळ लागेल, कारण त्याचा संबंध जोडीशी जितका आहे तितकाच इथल्या बर्फाशी आहे.

नव्याने आलेल्यांना वाटतं की स्नोशू म्हणजे बर्फात बुडू नये म्हणून पायाखाली बांधायची मोठी पट्टी. ते खरं आहे, पण अर्धंच. अंगाचं वजन मोठ्या जागेवर विभागलं जातं आणि गुडघ्यापर्यंत रुतणारा पाय वीतभरच रुततो. पण इथल्या कॅस्केड डोंगररांगेत खरी परीक्षा असते ती घसरण्याची. पॅसिफिकवरून येणारी दमट हवा या डोंगरांना अडते, थंडी शून्याच्या आसपासच घुटमळते, त्यामुळे पडणारा बर्फ जड आणि ओला असतो. युटाहमध्ये पडतो तसा कोरडा, फुंकरीने उडणारा नाही. इथले जुने स्कीवाले त्याला ‘कॅस्केड काँक्रीट’ म्हणतात. भर जानेवारीत डोंगरावर चक्क पाऊस पडतो, रात्री आभाळ मोकळं झालं की भिजलेला वरचा थर गोठतो आणि सकाळी आपल्यासमोर टणक कवच चढलेला उतार उभा राहतो. त्यावर आडवं चालणं म्हणजे आपला घसाराच. राजगडाच्या वाटेवर उन्हाळ्यात मुरमावर पाय सरकतो ना, तसाच इथेही सरकतो, फक्त खाली धरायला कारवी नसते.

त्यामुळे इथे स्नोशू विकत घेताना पहिला प्रश्न ‘किती तरंगतो’ हा नसून ‘किती धरतो’ हा असायला हवा. दुकानात मात्र सगळी चर्चा लांबी आणि वजनाचीच होते.

मी हे जोडे सगळ्यात जास्त वापरले ते आर्टिस्ट पॉइंट आणि त्याच्या पुढच्या हंटून पॉइंटच्या वाटेवर. बेलिंगहॅमहून निघालेला 542 क्रमांकाचा रस्ता, म्हणजे माउंट बेकर हायवे, सत्तावन्न मैलांवर आर्टिस्ट पॉइंटला जाऊन संपतो. हिवाळ्यात तो हेदर मेडोजच्या स्की एरियापर्यंतच साफ करतात, पुढचे जवळपास पावणेतीन मैल बर्फाखाली. ग्लेशियर हे शेवटचं छोटं गाव सोडलं की नूकसॅक नदीच्या काठाने झाडीतून रस्ता चढत जातो आणि वरच्या पार्किंगला पोहोचलं की दोन्ही बाजूंना नांगराने कापलेल्या बर्फाच्या भिंती गाडीच्या टपाच्याही वर गेलेल्या दिसतात. यात अतिशयोक्ती नाही. 1998-99 च्या हंगामात याच स्की एरियात 1,140 इंच, म्हणजे जवळपास 29 मीटर बर्फ पडला. एका हंगामातल्या हिमवृष्टीचा हा जागतिक विक्रम. त्याआधीचा विक्रमही याच वॉशिंग्टन राज्यातला होता: माउंट रेनियरवरचं पॅराडाइज, 1971-72, 1,122 इंच.

पार्किंगपासून आर्टिस्ट पॉइंटपर्यंत चढ साधारण हजार फुटांचा. आकडा ऐकून सिंहगड रोज चढणारे हसतील, पण बर्फात हे हजार फूट चांगले जाणवतात. सुरुवातीला स्की एरियाच्या कडेकडेने रुंद वाट आहे. इथे दोन गोष्टी पाळा. स्कीवाल्यांच्या उतारात शिरू नका आणि बंद केल्याची दोरी दिसली तर ती ओलांडू नका. शिवाय स्कीखाली पट्ट्या लावून वर चढणारे लोक एक अरुंद गुळगुळीत माग पाडत जातात. त्यावर आपले दातेरी जोडे टाकले की तो खराब होतो. शेजारून आपली वेगळी वाट पाडायची, हा इथला शिष्टाचार आहे आणि तो आपल्या लोकांनी आवर्जून पाळावा असं मला मनापासून वाटतं.

आता जोडीकडे येते. साधारण स्नोशूची चौकट गोल पोकळ नळीची असते, वाकवून केलेली. पकड असते ती फक्त पंज्याखालच्या दात्यांची आणि टाचेखालच्या एखाद्या पट्टीची. सरळ चढताना तेवढी पुरते. आडवं निघालात की पायाची कड उतारावर टेकते आणि ती कड असते गुळगुळीत नळी. लाइटनिंग असेंटमध्ये नळीच नाही. ॲल्युमिनियमची पट्टी उभी धरून तिचीच चौकट केलेली आहे आणि तिच्या खालच्या धारेला सगळीकडून दाते कापले आहेत. मध्ये आडव्या पट्ट्या आहेत, त्याही दातेरी. पंज्याखाली पोलादी क्रॅम्पॉन, म्हणजे मोठ्या दात्यांचा तुकडा, आहे तो वेगळाच. त्यामुळे पाऊल कुठल्याही कोनात पडलं तरी काही ना काही दात बर्फात घुसतात. कवच चढलेल्या बर्फावर ते घुसताना कर्रर असा करकरीत आवाज येतो, आणि तो आला की मी पुढचं पाऊल बिनधास्त उचलते.

हा फरक मला वाचून नाही, माझ्या बाबांमुळे कळला. बाबा साताऱ्याचे, वयाची सत्तरी ओलांडलेली, आजही अजिंक्यतारा चढून येतात. ते इकडे आले तेव्हा त्यांच्यासाठी वाटेतल्या एका दुकानातून नळीच्या चौकटीचे स्नोशू भाड्याने घेतले. रुंद वाटेवर छान चालले. पुढे वाट डावीकडच्या उताराला बिलगून आडवी जाते तिथे ते थांबले.

“अगं, वरच्या अंगाचा पाय धरतोय, पण खालचा सारखा सुटतोय. माझं काही चुकतंय का?”

“नाही बाबा, तुमचं नाही, जोड्याचं आहे. माझे घालून बघा.”

तिथेच बर्फात बसून अदलाबदल केली. माझे जोडे बायकांसाठीच्या घडणीचे, बावीस इंची, किंचित अरुंद, पण बाबांच्या बुटांना नीट बसले. ते उठले, चार पावलं आडवी टाकली, मागे वळून म्हणाले, “आता वहाण धरते बघ.” पुढची वाट त्यांनीच पाडली. मी भाड्याच्या जोडीवर त्यांच्या मागून गेले आणि त्यांचा खालचा पाय का सुटत होता ते माझ्या घोट्यांना चांगलं समजलं.

भाड्याच्या जोडीत आणखी एक त्रास होता, पट्ट्यांचा. कापडी पट्टा ओला झाला, मग गोठला, आणि परत आल्यावर कडी सुटेना. हातमोजे काढून उघड्या बोटांनी झगडायची वेळ आली. लाइटनिंग असेंटच्या हल्लीच्या आवृत्तीत पॅरागॉन नावाचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्नोशूला बांधायची पट्ट्यांची रचना, आहे. पाऊल जाळीदार, लवचीक पट्टीत वरून धरलं जातं, म्हणजे दाब एकाच जागी येत नाही. पंजा कुठे थांबवायचा तेही त्याच पट्टीमुळे आपोआप ठरतं. पट्टे रबरासारख्या मऊ पदार्थाचे, भोकांत खिट्टी अडकवायची. पाणी शोषत नाहीत, म्हणून गोठून ताठ होत नाहीत. मी जाड हातमोजे घालूनच ते बांधते आणि सोडते. दुकानात बघताना ही गोष्ट फार किरकोळ वाटेल. वाऱ्यात, अंधार पडत असताना ती अजिबात किरकोळ राहत नाही.

तिसरी चीज म्हणजे टाचेखालची तार. कंपनी तिला टेलिव्हेटर म्हणते. टाचेच्या मागे एक जाड तारेची कडी आडवी पडलेली असते. तीव्र चढ लागला की हातातल्या पोलने ती वर ओढायची, खट् करून उभी राहते, आणि मग टाच तिच्यावर टेकते. पाय चढाच्या कोनात ताणला न जाता जवळजवळ सपाट राहतो. ऑस्टिन पासच्या खिंडीत पोहोचायच्या आधी एक छातीवरचा चढ आहे. तिथे या तारेशिवाय गेलं की पोटऱ्या पेटतात, दर पंधरा-वीस पावलांना थांबावं लागतं. तार उभी केली की तोच चढ जिना चढल्यागत जातो. खिंडीत आल्यावर ती परत खाली पाडायची आठवण ठेवा, नाहीतर उतरताना तोल पुढे जातो.

खिंडीच्या वर आर्टिस्ट पॉइंटचं पठार. उन्हाळ्यात इथे गाड्या लागतात. हिवाळ्यात पार्किंग, पाट्या, सगळं बर्फाखाली गडप असतं. बहुतेक लोक इथेच डबे उघडतात. तुम्ही थांबू नका. पश्चिमेला टेबल माउंटनचा कातळ सोडून पाठ फिरवा आणि पूर्वेकडच्या धारेने हंटून पॉइंट गाठा. उंची फार नाही, बावन्नशे फुटांच्या आसपास. पण हा छोटा माथा बरोबर दोन मोठ्या डोंगरांच्या मध्ये उभा आहे. एका बाजूला माउंट शक्सन, 9,131 फूट, काळा कातळ आणि त्यावरून लोंबणाऱ्या हिमनद्या. त्यातल्या एकीचं नावच हँगिंग ग्लेशियर. तिच्या तुटलेल्या कडेवर निळसर रंग असतो तो दुर्बिणीतून बघा. दुसऱ्या बाजूला माउंट बेकर, 10,781 फूट, जिवंत ज्वालामुखी. शिखराच्या जरा खाली शर्मन क्रेटर आहे. स्वच्छ, थंड दिवशी तिथून वाफेचा पांढरा झोत वर येताना दिसतो. बाबा तिथे बराच वेळ शक्सनकडे तोंड करून उभे राहिले, मग म्हणाले, “हा तर वजीरच आहे, नुसता मोठा.” माहुलीचा वजीर सुळका ज्यांनी पाहिलाय त्यांना पटेल.

हंटून पॉइंटकडे जाताना धारेच्या कडेपासून लांब चाला. वाऱ्याने बर्फाची छपरी कडेबाहेर वाढलेली असते, खाली काही नसतं, आणि वरून ती जमिनीसारखीच दिसते.

उतरताना या जोडीची किंमत पुन्हा वसूल होते. सरळ उतरताना वजन टाचेवर ठेवा, गुडघे सैल. चौकटीच्या मागच्या भागाचे दाते घुसतात आणि पाऊल जिथे टाकलं तिथेच राहतं. मात्र कुठल्याही स्नोशूवर उलटं, पाठमोरं चालायचा प्रयत्न करू नका. बाइंडिंग पंज्यावर फिरतं, शेपूट खाली पडतं, ते रुततं आणि माणूस बसकण मारतो. वळायचं असेल तर गोल फिरून वळा.

आता खटकणाऱ्या बाजू. कडक बर्फावर हे जोडे आवाज करतात. धातूच्या चौकटीवर ताणलेला डेक, म्हणजे पायाखालचा सपाट भाग, ढोलासारखा घुमतो नि शेजारी चालणाऱ्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. वसंतातल्या ओल्या बर्फात दात्यांमध्ये गोळे साठतात, पोलने टकटक करून पाडावे लागतात. हे सगळ्याच स्नोशूंचं आहे, पण दाते जास्त म्हणून इथे जास्त जाणवतं. ताज्या, खोल बर्फात बावीस इंची जोडी कमी पडते. त्यासाठी मागे जोडायच्या पाच इंची शेपट्या वेगळ्या मिळतात. कल्पना उत्तम आहे: रोज आखूड, चपळ जोडी वापरा आणि मोठं वादळ होऊन गेल्यावर शेपट्या लावा. पण त्यांचे पैसे वेगळे मोजायचे. आणि मूळ जोडीच तीनशे डॉलरच्या पुढे जाते. त्याच कंपनीचे प्लास्टिकच्या अखंड डेकचे ईव्हो बरेच स्वस्त पडतात, दणकट आहेत, आणि झाडीतल्या सौम्य चढ-उताराला पुरेसे आहेत. वर्षातून एकदाच जाणार असाल तर तेही नको, भाड्याने घ्या.

मापाबद्दल. जोडी 22, 25 आणि 30 इंची मिळते, बायकांसाठीच्या घडणीत पहिली दोन मापं. वजन मोजताना अंगातले कपडे, बूट आणि पाठीवरची सॅक, सगळं धरा. बावीस इंचीला कंपनी साधारण 180 पौंडांपर्यंतचं वजन सांगते. दोन मापांच्या मध्ये असाल तर माझा कल लहान मापाकडे, कारण इथला जड बर्फ तरंगायला मदत करतो आणि आडव्या उतारावर लहान जोडी हलकी वळते. बावीस इंची जोडीतल्या दोन्ही पायांचं मिळून वजन दोन किलोच्या आत आहे, सॅकला बाहेरून बांधलं तरी त्रास होत नाही. बांधताना दात आतल्या बाजूला करा, एकमेकांवर, नाहीतर मागून येणाऱ्याच्या जॅकेटला धोका.

एमएसआर म्हणजे माउंटन सेफ्टी रिसर्च. सिएटलच्या लॅरी पेनबर्थी यांनी 1969 मध्ये सुरू केलेली कंपनी. डोंगरात वापरायची साधनं खरोखर किती भार सोसतात ते तपासून गिर्यारोहकांना कळवायचं, हा त्यांचा मूळ उद्योग. लाइटनिंग असेंट हातात घेतल्यावर तो पिंड जाणवतो. शोभेचं काही नाही, प्रत्येक दाताला काम आहे.

पण जोडे कितीही चांगले असले तरी त्यांनी हिमस्खलन थांबत नाही, आणि हे मला नुसतं ओझरतं सांगून चालणार नाही. साधारण 30 ते 45 अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे. म्हणजे नेमके असे, जे चांगली पकड मिळाली की ‘चढून बघू’ असं वाटायला लावतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरचा अंदाज वाचा. एक ते पाच अशी पातळी असते. तिसरी पातळी दिसली तर मी या वाटेला जातच नाही, गाडी काढलेली असली तरी दुसरीकडे वळवते. तीन म्हणजे मधली, म्हणून ठीक, असं समजू नका. पातळी चढत जाते तसा धोका पटींनी वाढतो. टेबल माउंटनच्या खालचं बॅगली लेक्सचं खोरं दिसायला फार मोहक आहे, पण वरचे उतार थेट त्यात रिकामे होतात. तिकडून शॉर्टकट मारू नका. बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं ही तीन साधनं प्रत्येकाच्या अंगावर हवीत, आणि ती वापरायचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. एकाकडे असून उपयोग नाही, कारण गाडला गेलेला माणूस नेमका तोच असू शकतो.

झाडांच्या बुंध्यांपासूनही अंतर ठेवा. हेमलॉकच्या खालच्या फांद्यांमुळे खोडाभोवती बर्फ नीट भरत नाही, वरून दिसत नाही अशी पोकळी राहते आणि माणूस डोकं खाली होऊन आत जाऊ शकतो. आणि वर पठारावर ढग उतरले की आकाश आणि जमीन यात फरक उरत नाही. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा, येताना पाडलेल्या वाटेवर विसंबू नका, वारा ती अर्ध्या तासात पुसतो.

कपड्यांबद्दल एकच: सुती काही नको. आपल्याकडे ट्रेकला कॉटनचा टी-शर्ट ही सवय आहे. इथे घामाने भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. बूट जलरोधक आणि घोट्याच्या वर येणारे हवेत, मऊ स्पोर्ट्स शूजवर बाइंडिंगचा पट्टा आवळला की बोटं बधिर होतात. पोलला खाली रुंद चकती लावलेली असू द्या, नाहीतर पोल मुठीपर्यंत आत जातो.

घरी आणल्यावर जोडे गाडीच्या डिकीत तसेच सोडू नका. धुऊन, पुसून, उभे करून वाळवा, पोलादी दात्यांवर गंज चढतो. पार्किंगच्या डांबरावर घालून चालू नका, दात बोथट होतात. बर्फ सुरू होतो तिथे घाला, संपतो तिथे काढा. आणि पहिल्यांदा घेत असाल तर ऑनलाइन मागवण्याआधी आपले हिवाळी बूट घेऊन दुकानात जा, बाइंडिंगमध्ये पाऊल अडकवून बघा, टाचेची तार दोन-चारदा वर-खाली करून बघा. नोव्हेंबरात जा. डिसेंबर उजाडला की बावीस इंची माप दुकानांतून सगळ्यात आधी संपतं.